साडेचारशे रुपये

धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावर,
जूनच्या पाच तारखेला आम्ही केबल बंद केली.
महिन्याचे साडेचारशे.
हे म्हणाले, वर्षाचे पाच हजार चारशे,
आणि कॅलेंडरच्या मागे पेन्सिलीने लिहूनही ठेवले.

केबलवाला घुगे वायर गुंडाळताना म्हणाला,
"काकू, पंधरा दिवसांत फोन कराल."
मी म्हटलं, बघू.

पहिल्या रात्री साडेसातला
त्या काळ्या काचेसमोरच जेवायला बसलो.
काचेत आम्हीच होतो.
ह्यांनी आमटीत पोळी बुडवली,
काचेतल्यानेही बुडवली.
कथानक फारसं पुढे सरकलं नाही.

मग भिंतीपलीकडून पानश्यांची मालिका यायला लागली,
फुकट, नुसत्या आवाजाची.
सून रडते, सासरा खोकतो, दार आपटतं.
चेहरे आम्ही आपल्या पदरचे लावले;
खलनायिकेला ह्यांच्या मावसबहिणीचा.

दिवाळीच्या सुमारास तो आवाज जरा वाढला.
जिन्यात पानसेबाईंना विचारलं,
हल्ली कमी ऐकू येतं का हो?
"छे," म्हणाल्या,
आणि मंडईतून आणलेली कोथिंबिरीची जुडी
या हातातून त्या हातात घेतली.

आता पानसे आठ दिवस सोलापूरला गेलेत.
भिंत नुसती भिंतीसारखी.
काल हे अचानक म्हणाले,
"तुझा आवाज बसलाय का गं?"

बसला नव्हता.
वापरात नव्हता.

डब्यात दोन हजार सातशे साठलेत.
अर्धे पानश्यांचे, खरं तर.