क्लेटस कार्व्हालो, खानापूर रोडवर

पडदा नव्हताच. ट्यूबलाइट विझल्या
आणि एक म्हातारा येऊन स्टुलावर बसला.
चष्मा काढून कीबोर्डवर ठेवला,
परत उचलून नाकावर चढवला.
तेवढ्यावरच इराप्पा मुचंडी उभा राहिला.
"बस की रे, सुरू तरी होऊ दे."
"चव्वेचाळीस वर्षं बसूनच हाय की," म्हणाला.

पुणं, मडगाव, हुबळी करून आमच्यात आला होता.
लग्नाचा हॉल. मागं थर्माकोलची अक्षरं
अर्धी निघालेली, 'चि. सौ. कां.' तेवढं शिल्लक,
त्याच्याखाली सिंथेसायझर.
माणसं दीडशे असतील, निम्म्यांचे गुडघे गेलेले.
टी-शर्ट लहान मापातलेच उरले होते,
पोटाला लावून बघितले आणि
नातवांना होतील म्हणत घेतले.

एकच कॅसेट होती तिघांत.
उद्यमबागेतून सुटलो की सायकलच्या कॅरिअरला,
टॉवेलात गुंडाळलेली,
आणि टेप गुंतली तर ज्याच्या घरी गुंतली
त्यानं पेन्सिल घालून सोडवायची, असा कायदा.
वडगावचा नेमिनाथ हणबरट्टी पहिल्यांदा ऐकून म्हणाला,
"धोटा अडकलाय ह्याचा."
जन्म मागावर गेलेला माणूस. दोन आठवड्यांनी
रात्री पावणेबाराला दार वाजवून सांगून गेला:
"अडकला नाही. सातावर फिरतोय."

आता तोच कानात पुटपुटतोय,
"सूर अर्ध्यानं उतरवलाय. कळलं न्हाई तुला?"
वय झालंय त्याचं, मी म्हणालो.
"माझं झालं न्हाई? मी काय उतरवलंय?"
पुढच्या रांगेतल्या बाईंनी वळून बघितलं.
कॅम्पातल्या असाव्यात, डोळे पुसत होत्या,
पण त्यांनाही ते पटलेलं दिसलं.

मग 'घाटप्रभा'.
तेवीस मिनिटांचं, चार भागांचं, एकही शब्द नसलेलं.
शब्द नाहीत म्हणून तर
ह्या गावात ह्या एका गोष्टीला
कुणी कधी डांबर फासलं नाही.

तिसऱ्या भागात नदी खडकाखाली जाते
तिथं त्याचा डावा हात थांबला.
उजवा एकटाच दोन आवर्तनं चालला,
नवीन रस्त्यावर जुनं जनावर चालतं तसा,
मग तोही उभा राहिला.
बेसवाला पोरगा ड्रमवाल्याकडं बघतोय.
वरचा पंखा घरघरतोय.
क्लेटस बोटांकडं बघत होता,
ओळखीची, पण नाव न आठवणारी माणसं
दारात उभी असावीत तसा.

इराप्पानं मांडीवर थाप मारली.
एक दोन तीन, चार पाच, सहा सात.
मीही धरलं.
ओंदु एरडु मूरु, नाल्कु ऐदु, आरु एळु.
तिसऱ्या फेरीला आम्ही एकमेकांकडं बघितलं.
इराप्पाच्या घरात मराठीचा शब्द नाही,
पण पाढे त्याला शहापूरच्या मराठी शाळेत
बाईंनी कान धरून शिकवलेले.
आणि मी, मोर्चात दोनदा लाठी खाल्लेला,
फाउंड्रीत साचे मोजायला शिकलो
कल्लाप्पा फोरमनच्या हाताखाली.
दहाच्या आतलं मला अजून
कन्नडातच मोजता येतं.
घरी कुणाला सांगितलेलं नाही.

चुकीच्या तोंडांतून बरोबर मात्रा जात राहिल्या.
मागच्या रांगांनी धरल्या. कुठल्या भाषेत
ते ऐकू आलं नाही, सगळा नुसता थापांचा आवाज.
क्लेटसनं मान वर केली,
चष्मा काढून खिशात घातला
आणि पाचव्या मात्रेवर, मधूनच, आत शिरला.

बाहेर थंडी. चहाच्या गाड्यावर भांडण.
नेमिनाथ म्हणतो, विसरला.
इराप्पा म्हणतो, मुद्दाम थांबला,
कॅसेटमध्येपण तिथंच श्वास हाय.
"तिथं तू पेन्सिल घातली होतीस, गाढवा."
मी कुणाचीच बाजू घेतली नाही.
त्या बाई हॉलच्या पायरीवर शालीत उभ्या,
रिक्षा जवळ आली तरी हात करायला विसरलेल्या.

इराप्पानं गाडीला किक मारली.
आम्ही दोघं नकळत मोजत राहिलो.
सातव्या किकला सुरू होईल असं वाटलं होतं.
अकराव्याला झाली.