नऊ वाजून एकेचाळीस

आंब्रुश इंजिन बंद करतो
आणि डॅन्यूब आम्हाला तिच्या चालीने नेऊ लागते.
मागे वीजकेंद्राच्या चौकोनी इमारती, तांबड्या पट्ट्यांची चिमणी.
गरम पाण्याचा कालवा येऊन मिळतो तिथे
फेस, चिलटं,
आणि गळ टाकून बसलेले तिघे पेन्शनर.

मी दोरी सोडते. दोरीला तापमापक, तापमापकाला बूच,
म्हणजे तो बुडू नये, पाण्याच्या ओठाशीच राहावा.
वर, सातशे किलोमीटरवर,
एक डोळा उत्तरेकडून निघाला असेल.
तो इथून जाईल, थांबणार नाही.

तेवीस पूर्णांक चार, कालव्याच्या अलीकडे.
एकतीस पूर्णांक दोन, तोंडाशी.
अठ्ठावीस नऊ, सत्तावीस तीन, मग वाळूच्या दांड्यापाशी
पुन्हा तीस.
"चुकलं," मी म्हणते.
आंब्रुश बाही सारतो, कोपरापर्यंत हात घालतो.
"नाही चुकलं, बोरोका. इथे धार दडून येते.
हिवाळ्यात राजहंस इथेच बसतात."

हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणतात.
इथे आरसाच वर फिरतोय
काकणाची साक्ष मागत.

त्याला दिसते ती फक्त त्वचा,
केसाहून पातळ,
जिथे नदी स्वतःपेक्षा जराशी गार असते.
माझा तापमापक बोटभर खाली.
या बोटभर अंतराच्या हिशेबावर
माझा तीन वर्षांचा पगार चाललाय.
आंब्रुशला सांगितलं तर हसला,
"माझी बायकोही अशीच होती. वरून गार."
मग बराच वेळ काही बोलला नाही.

नऊ अडतीस. नऊ चाळीस.
आम्ही दोघंही, का कोण जाणे, श्वास रोखतो,
कुणी फोटो काढत असल्यासारखा.
तेवढ्यात पश्चिमेकडून एक ढग,
एकच, नुकत्याच धुतलेल्या मेंढीसारखा,
सावकाश येऊन नेमका वळणावर उभा राहतो.

गुरुवारी प्रतिमा आली.
सगळी नदी होती, निळी-नारिंगी, गावागावांतून वाहणारी,
तळी होती, सूर्यफुलांची कापलेली शेतं होती.
आमच्या जागी पांढरा ठिपका.
अहवालात लिहिलं: पडताळणी शक्य नाही.

वहीत ते तीस तसंच आहे,
पाणी लागून शाई थोडी फुटलेली,
शेजारी पेन्सिलीने: राजहंस.

पुढची फेरी सोळा दिवसांनी.
आंब्रुशने निरोप पाठवलाय,
थर्मास मोठा आण.