अंगठा

सहा वर्षं सहा गिअर.
मग नोव्हेंबरात एका सकाळी मागचा लोखंडी हात तुटला,
साखळी आऱ्यांत गेली,
आणि बंदगीसाब म्हणाला,
"बाई, ह्याच्या पार्टला पुण्याला जावं लागतंय.
आनि सोलापुरात गिअर कशाला ओ?
आसऱ्याचा पूल सोडला तर सगळं ताटासारखं."

म्हणून ही. काळी, बिनगिअरची.
पुढे चव्वेचाळीस दाते, मागे अठरा,
मध्ये विचारायला तिसरं कोणी नाही.

पहाटे साडेपाचला जुळे सोलापुरातून निघाले,
कानाला मफलर, मागे डबा,
आणि पहिल्याच चढाला उजवा अंगठा
मुठीखाली चाचपायला लागला.
काही नव्हतं तिथे.
गार रबर.
बदली झालेल्या माणसाच्या टेबलावर
अजून त्याच्याच नावानं टपाल यावं, तसा
दर चढाला, दर वाऱ्याला
माझा निरोप तिथे जाऊन पडायचा.

पुलावर उतरले. ढकलत नेली.
खालून मालगाडी चालली होती, तिचे डबे मोजत थांबले,
दम लागला म्हणून नाही.
दुधाच्या किटल्या लावलेली मोटरसायकल हळू झाली:
"ताई, पंक्चर का?"
हो म्हणाले.
थंडीत खोटं बोललं की तोंडातून वाफ येते,
आणि ती दिसते.

सात रस्त्याच्या अलीकडे, जिन्याखाली, आमची लॅब.
सव्वासहाला शटर वर करते तेव्हा
उपाशीपोटी आलेले लोक पायरीवर बसलेले असतात
चादरी पांघरून. इथल्याच चादरी,
एक मोर पाठीवर, दुसरा मांडीवर दुमडलेला.
म्हेत्रे काका सगळ्यात पुढे, साखर तीनशेच्या वर:
"लौकर घे माय, चहा खोळंबलाय."

गारठ्यात शीर आत जाऊन बसते.
तिथे हाच अंगठा लागतो.
कोपराच्या खळीत टेकवायचा,
दाबायचा, सोडायचा,
मग काहीच करायचं नाही.
घाई केली की सरकते ती.
रेवती गुंडला नवी आहे, विचारते,
"मॅडम, तुम्हाला कळतं कसं?"
एकोणीस वर्षं झाली, मला सांगता आलेलं नाही.
थांबलं की वर येते, म्हणाले.
तिनं वहीत लिहून घेतलं. थांबणे.

सोलापूरची थंडी नऊ वाजता हजेरी लावून घरी जाते.
दुपारी परतताना स्वेटर कॅरिअरला,
मान भाजत असते,
आणि त्याच पुलाला उलट्या बाजूनं तोंड द्यायचं असतं.
डिसेंबरभर मी त्याला दोन्हीकडून ढकलत नेलं.
मांड्या दुखल्या. चिडले. बंदगीसाबला
मनातल्या मनात तीन भाषांत शिव्या दिल्या.

मग कधीतरी, नक्की दिवस आठवत नाही,
गड्ड्याच्या पाळण्याचे सांगाडे ट्रकमधून शहरात यायला लागले होते,
मला दिसलं की पूल पुलापाशी सुरू होत नाही.
तो इडलीच्या गाडीपासून सुरू होतो,
जिथे पिवळ्या बल्बखाली वाफ असते
आणि रस्ता अजून सपाटच वाटत असतो.
तिथूनच थोडं थोडं द्यायचं.
चढ आला की सीटवरून उठायचं,
मोजायचं नाही,
मालगाडी आली तरी बघायचं नाही.

वर पोचले.
अंगठा बाहीच्या आत, उबेला बसलेला.
कधीपासून, कोण जाणे.

तीच मोटरसायकल. किटल्यांचा खडखडाट.
"निघालं का पंक्चर?"
महिना झाला होता. माणूस विसरला नव्हता.
"हौ," म्हणाले.
पुढे उतार, पायांना काम नाही,
मागच्या चाकात फ्रीव्हीलची टिकटिक,
डोळ्यांत पाणी, ते वाऱ्याचं.

त्या दिवशी म्हेत्रे काकांची साखर एकशे ब्याण्णव आली.
त्यांनी दोनदा विचारलं,
मशीन बरोबर आहे ना?