कीपर

पगारपत्रकावरची चौकट अपुरी होती,
त्यात 'गेट' मावलं नाही.
बाबांच्या नावापुढं नुसतंच आलं, कीपर.
मोनाप्पा गुंजीकर, कीपर.
देसूरच्या पलीकडं, रताळ्याच्या शेतांमधल्या फाटकावर
त्या अर्ध्या शब्दात आमची चूल पेटायची.

मला तो शब्द आधी क्रिकेटमधलाच माहीत.
रविवारी, भात कापून रिकाम्या झालेल्या मळीत
उसने हातमोजे घालून बाबा स्टंपामागं वाकायचे,
दहातले सहा चेंडू सोडायचे
आणि हसून म्हणायचे,
"आमचं कामच जाऊ द्यायचं की गा."

नंतर शाळेत कळलं, कीप म्हणजे ठेवणे.
लोक केबिनमध्ये बरंच काही ठेवून जायचे:
छत्री, किल्ली, उद्यमबागच्या पाळीवाल्यांचे डबे,
एकदा तर चार महिन्यांचं पोर,
आई बाजारातून येईस्तोवर.
बाबा हिरवा झेंडा एका हातात धरून
दुसऱ्या हातानं त्याला थोपटत उभे.
मालगाडीच्या ड्रायव्हरनं भोंगा वाजवला नाही त्या दिवशी.

आणि गावातल्या सीताक्कालाही हाच शब्द,
शेवटचा र कापून.
लकवा झालेल्या सावकाराचं
हगणं-मुतणं तिनं अकरा वर्षं काढलं.
तो गेला, तेव्हा तिला अंगणातच थांबवलं,
म्हणाले, ती त्याची कीप.
कुणी कुणाला ठेवलं होतं, हे
शब्दानं नेमकं उलटं सांगितलं.
त्या एका अक्षरासाठी बाबा आयुष्यात
पहिल्यांदा आणि शेवटचं भांडले.

आपलं 'राख' तरी कुठं सरळ आहे?
राख म्हटलं की सांभाळ.
आणि चुलीत सकाळी उरते तीही तीच.

स्टेशनमास्तर हुक्केरी कानडी शिकवायचे, चहाच्या बदल्यात.
"तुमचं काय म्हणजे प्रश्न, मोनाप्पा.
आमचं काय म्हणजे राखणं.
शिवाय वाट बघणं. शिवाय तापणं."
बाबांनी उन्हातल्या रुळांकडं बघितलं,
"म्हणजे माझी अख्खी ड्यूटी की हो मास्तर."

मग तो बंदचा दिवस.
पाट्यांना डांबर, दोन्ही बाजूंना जमाव,
अलीकडं एक भाषा, पलीकडं दुसरी,
दगड मात्र एकाच खडीचे, रुळांमधलेच.
बाबांनी फाटक पाडलं.
"गाडी येतेय," असं मराठीत ओरडले,
मग तोंड फिरवून कानडीत.
दहा मिनिटं. वीस. पाऊण तास.
गाडी नव्हतीच.
लोक उन्हात तापले, कंटाळले,
कुणी बिडी पेटवली, कुणी पलीकडच्या मेव्हण्याला हात केला.
बाबांना मेमो मिळाला:
विनाकारण फाटक बंद ठेवणे.
तो त्यांनी जपून ठेवला, माझ्या जन्मदाखल्यासोबत.

आता तिथं भुयारी रस्ता आहे,
पावसाळ्यात गुडघाभर पाणी, राखायला कुणी नाही.

परवा दवाखान्यातल्या फॉर्मवर
रुग्णाचा सांभाळ करणारी व्यक्ती, तिथं मी सही केली.
चौकट पुन्हा अपुरी, आडनाव बाहेर गेलं.

बाबांना आता माझं नाव आठवत नाही.
रात्री पावणेदहाला मात्र उठतात,
अंधारात चाक फिरवल्यासारखे हात फिरवतात
आणि दाराची कडी लावतात,
पलीकडं कुणीतरी उभं असल्यासारखी, हळू.
मी म्हणते, गाडी गेली बाबा, झोपा.
ते वळून बघतात. म्हणतात,
"काय."

आवाज चढत नाही शेवटी,
त्यामुळं कळत नाही
मला विचारतायत,
की सांगतायत.

मी दाराशी खुर्ची ओढून बसते.