कूलर बंद करा जरा

प्रतापनगरच्या शाळेत दर शनिवारी चारला
बारा खुर्च्या गोल मांडतात.
मी दाराजवळची घेतो.
पहिले तीन शनिवार मी फक्त कूलर ऐकला.

बेअरिंग गेलेलं, पंप कोरडा ओढतोय,
डाव्या ताटीतला वाळा मागच्या सालचा.
सक्करदऱ्यात बावीस वर्षं दुकान आहे माझं,
मशीन काय म्हणते ते मला कळतं.
माणसं बोलायला लागली
की मी भिंतीवरचा बाराखडीचा तक्ता वाचतो.

सोनटक्के मॅडम म्हणतात, डोळे मिटा, श्वास पाहा.
पाहतो. त्यातही घुर्रघुर्र.

नागदिवे बाई म्हणाल्या,
"मी मोरीत नळ सोडून बसते.
बादली भरून वाहून राहते, वाहू दे.
सासूले वाटते, हिचं न्हाणंच सरत नाही बाप्पा."
आधी त्याच हसल्या, म्हणून आम्ही हसलो.

जरीपटक्याचे केवलरामानी लग्नाला एकटेच जातात.
मुलगा कुठंय विचारलं की सांगतात, परीक्षा आहे.
"सहा साल झाले," ते म्हणाले,
"पेपर संपतच नाही त्याचा."

चौथ्या शनिवारी मे लागला होता.
डांबराला चपला चिकटत होत्या.
मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, "परातेभाऊ?"
मी म्हटलं, "पंप जळेल जी. कूलर बंद करा जरा."
आणि उठून मीच बटण दाबलं.

पातं थांबायला वेळ लागतो.
तेवढा वेळ सगळे थांबले.

मग मी म्हटलं,
ओजस नऊ वर्षांचा आहे.
दुकानात पंख्यासमोर बसतो,
पातं फिरतं तशी त्याची बोटं फिरतात.
मागच्या मे महिन्यात, गिऱ्हाइकांची ही गर्दी,
तो किंचाळायला लागला, थांबेचना.
एका कूलरचं पातं मी उलटं बसवलं होतं.
त्याला आवाजावरून कळलं होतं.
मला संध्याकाळी कळलं.
मधल्या वेळात मी त्याला मागच्या खोलीत घातलं,
कडी लावली,
रेडिओ मोठा केला.
वीस मिनिटं.
नाही. चाळीस. घड्याळ समोरच होतं.
वर पत्र्याचं छप्पर आहे.
पुष्पलताला ठाऊक नाही.

कोणी म्हणालं नाही की असं होतं कधीकधी.
केवलरामानी आपले बूट पाहत राहिले.
नागदिवे बाईंनी विचारलं, "पाणी होतं आत?"
होतं, म्हटलं. माठ होता.
"मंग ठीक."

ठीक नव्हतं, त्यांनाही माहीत होतं.
पण वर्षभरात
कोणीतरी पहिल्यांदा हिशेब विचारला होता.

मोमिनपुऱ्याच्या मेहजबीन कधी बोलत नाहीत.
त्या म्हणाल्या, "कडी मी पण लावली.
फक्त मी आत होते, आणि ती बाहेर."
एवढंच. ओढणीनं कपाळ पुसलं.

सगळ्यांच्या पाठी भिजल्या होत्या.
मॅडम हजेरीच्या वहीनं वारा घेत होत्या, लिहीत काही नव्हत्या.
साडेपाच झाले तरी
कूलर लावा असं कोणी म्हणालं नाही.

पुढच्या शनिवारी मी बेअरिंग घेऊन गेलो.
ओजसलाही नेलं.
त्यानं पत्र्याला कान लावला, तोंड खिडकीकडे,
आणि मी पाना फिरवेपर्यंत
माझ्याकडे एकदाही न बघता
हलत्या स्क्रूवर बोट ठेवून उभा राहिला.

मागच्या खोलीची कडी मी त्याच्या आधीच काढली होती.
पुष्पलतानं विचारलं, काहून काढली?
ढिली झाली होती, म्हणालो.
ते खरं सांगायचं अजून राहिलंय.
दारात चार भोकं आहेत. लांबी भरून बुजवता येतील,
दहा मिनिटांचं काम.
पण ओजस रोज दुकानात आला
की आधी तिकडे जातो,
एकेका भोकात करंगळी घालतो,
चौथं झालं
की पुन्हा पहिल्यापासून.