मालक, गट, जग

आठशे एकोणीस फाइली. रात्रीचे सव्वा अकरा.
क्लाक्सविकच्या बंदरात होड्या एकमेकींवर घासतायत
आणि माझ्या पडद्यावर स्कॅनर
ओळीओळीतून हुंगत चाललाय
मेंढ्यांमागच्या कुत्र्यासारखा.
काही सापडलं तर भुंकत नाही,
ओळ लाल करतो फक्त.

पहिल्या वीस लाल ओळी खोट्याच.
कुणी "पासवर्ड इथे टाका" असं लिहून नमुना ठेवलेला.
एक लांबलचक अक्षरमाळ, गुपितच वाटावी अशी,
ती निघाली खाद्याच्या पोत्यांवरचा क्रमांक.
सोडून दिल्या.

मग तराफा क्रमांक चार.
परवानगी : सात सात सात.
मालकाने वाचावं, लिहावं, चालवावं.
गटाने वाचावं, लिहावं, चालवावं.
जगानेही.
जग म्हणजे कोण, हे फाइलीला कुठे ठाऊक असतं?

आत सोळाव्या ओळीत
उघडाबोडका पासवर्ड :
एका मेंढीचं नाव आणि १९९४.
ती मेंढी मला ठाऊक आहे. अख्ख्या गावाला आहे.
हानुसची. त्या साली कड्यावरून गेली,
आणि तो दोराने खाली उतरून
तिचा कान तेवढा घेऊन आला,
मालकीची खाच कापलेला,
हिशेबाला लागतो म्हणून.

फोन केला.
"बेइन्टा, अगं बारा वाजलेत."
"सोळावी ओळ," मी म्हटलं.
"मग? कोण येणारे इथे?
आमच्या दाराला पंचावन्न वर्षांत कुलूप नाही.
वादळात तर उघडंच बरं,
बंद दिसलं की वारा छप्पर मागतो."
"जो येईल तो होडीने येणार नाही, हानुस.
त्याला दारात बूट काढावे लागणार नाहीत."
पलीकडे कॉफी ओतल्याचा आवाज.
मग बराच वेळ तोही नाही.
"म्हणजे तिचं नाव पुसणार तू?"

पुसून भागत नाही, हे त्याला कसं सांगू?
जुन्या आवृत्त्यांमध्ये ती अजून चरतेय,
सहा वर्षं मागेपर्यंत, नोंदीनोंदीत.
झाकली मूठ सव्वा लाखाची, खरंय,
पण एकदा उघडलेली पुन्हा झाकून
आत काय उरतं?
कुलूपच बदलावं लागतं.
नाव राहू दे तिथेच मागे.
आता त्याने काही उघडत नाही.

नवा पासवर्ड चाळीस अक्षरांचा,
कुणाच्याच आठवणीतला नसलेला.
फाइलीला सहा शून्य शून्य :
एकट्या मालकाची, बाकी सगळ्यांना भिंत.
झोपले, थोडी ऐटीतच.

सकाळी आठला, अजून काळोखच होता,
हानुस म्हणाला, "पिंजरे शांत आहेत."

शांत म्हणजे खाद्य पडत नव्हतं.
खाद्य सोडणारा प्रोग्राम वेगळ्याच नावाने चालतो,
आणि तो बिचारा पहाटेपासून
माझ्या बंद फाइलीपुढे उभा,
दर मिनिटाला एकदा दार वाजवत,
दर मिनिटाला एकदा नकार लिहून घेत.
पाण्यात दोन लाख मासे, उपाशी.
मी हे नीट बघितलं नव्हतं.
हानुस काही बोलला नाही.
त्याचंच जास्त लागलं.

सहा चार शून्य.
मालकाने लिहावं.
घरच्यांनी नुसतं वाचावं.
जगाला शून्य,
रागाने नव्हे,
त्याची माझी ओळख नाही म्हणून.

खाद्य पडू लागलं तेव्हा
हानुसने फोन पाण्याकडे धरला :
समुद्रावर गारा पडाव्यात तसा आवाज,
आणि खालून उसळणाऱ्या पाठी.

संध्याकाळी घरी आले. दार ढकललं,
नेहमीसारखं उघडंच.
आज पहिल्यांदा किल्लीचं भोक शोधलं.
होतं. रंगाखाली बुजलेलं,
कुठल्याशा उन्हाळ्यात दार हिरवं केलं तेव्हाचं.
नखाने जरा खरवडून पाहिलं.
आतून आईने विचारलं, "कोण आहे?"
इतक्या वर्षांत हे तिने कधी विचारलं नव्हतं.
दारात कुणी इतका वेळ थांबतच नाही.