अठरानंतरचा रकाना

झांबरे बाईंनी फॉर्म टेबलावर सरळ केला,
पंखा मंद केला, तरी कोपरा उडत राहिला.
मग हितूनंच त्यावर आपला डबा ठेवला.
बैठक त्याच्याबद्दल होती.

नाव हितेंद्र मधुकर फिरके, मुक्काम सावदा.
वय सतरा वर्षं चार महिने.
अंघोळ स्वतः करतो, बटणं उशिरा लावतो.
दहाची नोट ओळखतो, वीसची ओळखतो,
दोनशेची पाहून हसतो.
वाचा अस्पष्ट.
इथं बाईंनी काट मारली.
आधीच्या सरांनी सहा वर्षं
आरशासमोर, जीभ टाळूला लावून
त्याच्याकडून 'केळं' म्हणून घ्यायचा सराव केला.
तो म्हणायचा, केयं.
एक दिवस काका त्याला न्यायला आले,
दारातूनच म्हणाले,
चाल रे, केयाची गाडी भरायची हाये.
सरांनी आरसा कपाटात ठेवला.
तो दोष नव्हता, ते गाव होतं.

दुसऱ्या पानावर एकच प्रश्न,
अठरानंतर काय?
खाली रकाना, काडेपेटीएवढा.
आई म्हणाली, घरीच ऱ्हाईन, कुठी जाईन तो?
बाई हळू आवाजात सांगत होत्या,
अठरानंतर पालक राहायलाही अर्ज लागतो,
दोन फोटो, शपथपत्र, जळगावला कलेक्टर कचेरीत.
आई म्हणाली, मंग मी आता कोन हाये?
बाईंनी तिच्यापुढे पाण्याचा ग्लास सरकवला.

बाबा म्हणाले, आमच्या माघारी...
वाक्य तिथंच राहिलं
आणि तिघंही माझ्याकडे बघू लागले.
मी दहावीत आहे.
दुसऱ्या दिवशी भूमितीची चाचणी होती.
त्या फॉर्मवर माझ्यासाठी जागा नव्हती,
तरी तिघांनी मला त्यात लिहून टाकलं होतं.

तेव्हा बाई त्याच्याकडे वळल्या.
हितेंद्र, तुला काय करायचंय?
हा प्रश्न घरात कोणी विचारल्याचं आठवेना.
मीही नाही.
त्यानं डबा उचलला, परत ठेवला,
झाकणावर बोटानं काहीतरी मोजलं,
आणि म्हणाला, काटा.

बाबांनी लगेच वाकून त्याची चप्पल काढली,
तळवा उलटा करून पाहिला.
मला कळलं.
स्टँडजवळ राणेंचं वेफर्सचं दुकान आहे,
कढईवरच किसणी धरून कच्ची केळी सोडतात.
सगळे कढईकडे बघतात,
हा वजनकाट्याकडे.
राणे एक चकती टाकतात, अर्धी काढतात,
लाल आकडा थरथरत
दोनशे पन्नासवर थांबतो
आणि हितू श्वास सोडतो.
मला वाटायचं, दम लागला असेल.

बाईंनी रकान्यात लिहिलं, काटा.
खाली बारीक अक्षरात,
जागा पुरेना म्हणून समासात वळवून,
पहिला महिना बहीण सोबत.
दुसरा महिना बहीण वीस पावलं मागे.
तिसरा महिना पाण्याच्या टाकीपर्यंत.
पुढचं राणेंशी बोलून.

भूमितीत मला पंचवीसपैकी अकरा पडले.
कचेरीचा अर्ज अजून फ्रिजवर आहे,
आईनं त्यावर मीठाची बरणी ठेवलीय.

काल मी टाकीपाशी थांबले.
तो हातगाड्यांमधून, एका म्हशीला वाट देऊन,
खिशावर हात दाबत चालत गेला.
वळेल म्हणून मी हात वर केला होता.
तो वळला नाही.
मग त्याच हातानं
मी केस नीट केले.